सिमेंटचा ताप

"हे शिमिट मेलेलं हाय!"

नागनाथ मेत्रे इतक्या मोठ्यानं ओरडले, की शेजारच्या हणमंतप्पाच्या दुकानात खिळे तोलणाऱ्या माणसाचा तराजू हातातच थांबला. नागनाथराव नव्या घराच्या पायाच्या खड्ड्यात उकिडवे बसले होते. आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटवर त्यांनी उजव्या हाताचा तळवा ठेवला होता, आजारी लेकराच्या कपाळावर आई ठेवते तसा. फरक एवढाच, की कपाळ गार लागलं की आईला बरं वाटतं. नागनाथरावांच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

नागनाथराव बसच्या खात्यात कंट्रोलर होते. उशिरा येणाऱ्या गाड्यांवर, लवकर सुटणाऱ्या गाड्यांवर आणि मुळीच न येणाऱ्या गाड्यांवर चिडणं हे त्यांचं कामच होतं. निवृत्त झाल्यावर काम गेलं, चिडणं तेवढं राहिलं. बीदर जिल्ह्यातल्या निर्णा गावात रस्त्याकडेला प्लॉट घेऊन त्यांनी घर बांधायला काढलं होतं. प्लॉटच्याच एका कोपऱ्यात पत्र्याची खोली उभारून नवराबायको राहत होते आणि बुद्ध पौर्णिमेला नव्या घरात वंदना करायची, असं साऱ्या पाहुण्यांना सांगून बसले होते.

सिमेंट जिवंत की मेलेलं, हे हात लावून ठरवण्याची विद्या त्यांना लेकीकडून मिळाली होती, म्हणजे निदान त्यांचा तसा समज होता. प्रेरणा कलबुर्गीला, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याला, इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकवायची. काँक्रीट घट्ट होताना त्यातून किती उष्णता निघते, ती कशी मोजायची, हाच तिच्या संशोधनाचा विषय होता. दिवाळीत ती आईला सांगत होती की सिमेंटला पाणी मिळालं की ते आपोआप तापतं. जुनं, ओल खाल्लेलं सिमेंट मात्र नीट तापत नाही. ती पुढंही बरंच बोलली होती. नागनाथरावांनी एवढंच लक्षात ठेवलं होतं.

ठेकेदार अंकुशराव मोटारसायकलवरून उतरले, तेव्हा नागनाथराव अजून खड्ड्यातच होते.

"अंकुशराव, हितं हात लावा."

"लावलो."

"कसं लागायलंय?"

"काँक्रीटवाणी."

"गार लागायलंय! काँक्रीट घट्ट व्हताना तापाय पायजे. कुठलं जुनं पोतं आणलाव तुमी?"

अंकुशरावांनी डोक्याची टोपी काढून पुन्हा घातली. "अण्णा, पाया हाय ह्यो. तवा न्हाई तापायला. आन थंडीचे दिवस हायेत. पहाटंला मीबी गार पडतो, म्हणून काय मेलो व्हय मी?"

"माझी लेक शिकवतीया ह्येच!"

"मग लेकीलाच सांगा बांधाया! बीदरपासून उदगीरपतोर घरं बांधलो मी. एकाबी मालकानं पायाचा ताप बघितला न्हाई. उद्या म्हणचाल, भितीची नाडी धरा, छताची जीभ बघा!" त्यांनी कामावरच्या माणसांना हाक मारली. "चला रे, घमेली उचला. अण्णाचा पाया बरा झाला की सांगावा येईल."

माणसं गेली, घमेली गेली. खड्ड्यात नागनाथराव आणि त्यांचं गार काँक्रीट दोघंच उरले.

प्रेरणाचा तास संपायच्या आत त्यांनी तिला फोन लावून लावून बेजार केलं. तिनं उचलला तोच वैतागून. "बाबा, तुमी हात लावून काम थांबवलाव? हाताला काय कळतंय?"

"गार लागलं."

"लागणारच की! पाया मातीत हाय. निघालेली सगळी ऊब मातीनं आन ह्या थंड हवेनं खाल्ली. किती तापतंय हे मोजायचं तर ऊब बाहीर जाऊ द्यायची न्हाई. थर्मासात च्या ठिवतो का न्हाई, तसं. लॅबमध्ये आम्ही तसंच करतो. आन नुसतं एक बघून उपयोग न्हाई, सोबत चांगलं ठाऊक असलेलं शिमिट ठिवायचं, दोन्हीची तुलना करायची. मी रविवारी यंत्र घेऊन येते. तोवर तुमी कायबी करू नका. ऐकायलाव ना?"

नागनाथरावांनी 'थर्मास' ऐकलं, 'दोन' ऐकलं. 'कायबी करू नका' हे शब्द, गाडी सुटल्यावर धावत येणाऱ्या प्रवाशासारखे, मागंच राहिले. रविवार यायला अजून दोन दिवस होते. एवढा वेळ राग धरून बसण्याचा त्यांना सराव होता, पण पुराव्याशिवाय नाही.

घरात एक थर्मास होता. इंदिराबाईंना त्यांच्या भावानं दिलेला, चांगला जाड. इंदिराबाई चिटगुप्प्याला बाजाराला गेल्या होत्या, म्हणून परवानगीचा प्रश्न आला नाही. दुसऱ्यासाठी नागनाथराव हणमंतप्पाच्या घरी गेले.

या प्लॉटवर नागनाथरावांचं नाव लागलं, तेव्हा आसपासच्या दोनचार जणांनी नाकं मुरडली होती. त्याच दिवशी दुपारी हणमंतप्पाची बायको अंबिका चहाची किटली घेऊन आली होती आणि "अक्का, पाणी आमच्या नळाचं भरा" असं इंदिराबाईंना सांगून गेली होती. तेव्हापासून दोन्ही घरच्या वाट्या आणि डबे इतके इकडंतिकडं झाले होते, की कुठलं भांडं कुणाचं हे त्यावरची नावं वाचूनच कळायचं.

"थर्मास पायजे? न्या की अण्णा," अंबिका म्हणाली. तिनं फळीवरून एक लालभडक, चकचकीत थर्मास काढून दिला. "पुण्याच्या जावयानं आणलाय. भारीतला हाय, जपून."

"जरा ऊन ठिवायचंय," नागनाथराव म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

चांगलं ठाऊक असलेलं सिमेंटही जवळच होतं. हणमंतप्पाच्या दुकानात पत्रे, पाइप, खिळे आणि सिमेंट मिळायचं. नागनाथराव डबा घेऊन गेले.

"डबाभर शिमिट?" हणमंतप्पा चक्रावले. "डाळ हाय व्हय अण्णा, डब्यानं द्यायला?" पण त्यांनी नवं पोतं फोडून डबा भरून दिला.

"चांगलं हाय न्हवं?"

हणमंतप्पांना हा प्रश्नच लागला. "आमच्या दुकानचं शिमिट? अर्धं गाव उभं हाय त्याच्यावर!"

दुपारी नागनाथरावांनी दोन्ही सिमेंटं वेगवेगळी कालवली. अंकुशरावांच्या संशयित पोत्यातलं आपल्या थर्मासात ओतलं, कारण वाईट वस्तू शेजाऱ्याच्या भांड्यात घालणं त्यांना बरं वाटेना. हणमंतप्पाचं चांगलं सिमेंट हणमंतप्पाच्याच थर्मासात गेलं. पुढं थर्मामीटर आत सोडता यावा म्हणून दोन्हींत त्यांनी होमिओपथीच्या गोळ्यांची एकेक लांबट रिकामी बाटली उभी रोवली. बुचं गच्च लावली. घट्ट झालेलं सिमेंट मग थर्मासातून बाहेर कसं काढायचं, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवला नाही. ते सत्य शोधत होते.

इंदिराबाई बाजारातून आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांना बाजेवरचा आपला थर्मास दिसला. बूच उघडून त्यांनी आत पाहिलं.

"हे काय घातलाव ह्याच्यात?"

"शिमिट. हात लावू नगं, प्रयोग हाय."

"माझ्या भावाच्या थर्मासात?"

"सत्य बाहीर काढायचंय, इंदिरा."

"मग सत्याला घरात बादली दिसली न्हाई व्हय?" इंदिराबाईंनी पिशवी आपटली. त्या दिवशी नागनाथरावांना भाकरी मिळाली, पण तिच्याबरोबर एक शब्दही मिळाला नाही.

शनिवारी सकाळी नागनाथरावांनी अंगात शर्ट घातला, केस विंचरले आणि कोरोनाच्या दिवसांत प्रेरणानं पाठवलेला तापाचा थर्मामीटर काढला. इंदिराबाई मुकाट्यानं ज्वारी निवडत होत्या. नागनाथरावांनी आधी आपल्या थर्मासातल्या बाटलीत थर्मामीटर सोडला. यंत्र जोरजोरात चिवचिवलं. काचेच्या पट्टीवर आकडा आलाच नाही, दोन इंग्रजी अक्षरं आली.

"काय दाखवायलंय?" न राहवून इंदिराबाईंनी विचारलं.

"हाय."

"ताप हाय?"

"हाय."

"किती हाय?"

"अगं, तेच न्हाई सांगायलंय. नुसतं 'हाय' म्हणायलंय. म्हंजे इंग्रजीत जास्त. माणसाला जेवढा ताप येतो त्याच्याबी वर गेलंय."

याचा अर्थ अंकुशरावांचं सिमेंट जिवंत होतं, चांगलं धडधाकट होतं. नागनाथरावांचा चेहरा उतरला. त्यांनी थर्मामीटर पुसला, निवू दिला आणि अंबिकाच्या लाल थर्मासात सोडला. तो गप्प बसला. बऱ्याच वेळानं पुन्हा दोन अक्षरं उमटली.

"आता काय म्हणायलंय?"

"लो."

"कुणाला देयालंय?"

"देत न्हाई, इंदिरा! लो म्हंजे कमी! ह्याच्यात ताप न्हाईच. हे गार हाय. हे... हे हणमंतप्पाचं हाय."

राग एका माणसावरून उचलून दुसऱ्यावर ठेवायला नागनाथरावांना फार वेळ लागायचा नाही. पण या वेळी तो उचलताना जड गेला. अंकुशरावांनी फसवलं असतं तर तो धंदा होता. हणमंतप्पा म्हणजे शेजार होता. 'नवं पोतं फोडलो' म्हणून मेलेलं सिमेंट दिलं? आपल्याला? ज्यांच्या नळाचं पाणी आपण पितो त्यांनी? ते बाजेवर टेकले आणि एवढंच बोलले, "हळूच सांगतो त्येला. चारचौघांत नको."

ते हळूच सांगणारच होते. पण त्याआधी काम सुरू करा म्हणून त्यांनी अंकुशरावांना बोलावलं. अंकुशराव आले, त्यांनी दोन्ही थर्मास बघितले, दोन्हींचा निकाल ऐकला आणि काम सुरू करायच्या ऐवजी मोटारसायकलला लाथ मारली.

"कुठं निघालाव?"

"गावात! मला मेलेलं म्हणलाव न्हवं? आता गावाला कळू द्या, कोण मेलंय ते!"

दुपारपर्यंत निर्ण्यात ज्यानं त्यानं कुठल्या ना कुठल्या भिंतीला हात लावला होता. बसस्टँडपासून पिठाच्या गिरणीपर्यंत एकच विषय. ग्यानबानं दोन वर्षांमागं बांधलेल्या गोठ्याची भिंत चाचपली, ती गार लागली आणि तो तडक हणमंतप्पाच्या दुकानात येऊन उभा राहिला. त्याच्यामागून राजूबाई आली. तिची तक्रार जास्त बारकाईची होती.

"माझी उगवतीकडची भित ऊन हाय, मावळतीकडची गार हाय. अर्धं शिमिट जितं आन अर्धं मेलेलं दिलाव व्हय मला?"

"राजूबाई, ऊन पडलंय तिकडं! सूर्य!" हणमंतप्पा ओरडले.

"सूर्याचं नाव सांगू नगा. मी पैशे तुमाला दिलेव."

एका गिऱ्हाइकानं बांधलेली पोती गाडीतून उतरवून परत आणली. दुसरा नुसताच येऊन पोत्यांवर तळवे ठेवत फिरला. हणमंतप्पांनी शेवटी दुकानाचं शटर ओढलं आणि अंबिकाला घेऊन नागनाथरावांच्या पत्र्याच्या खोलीसमोर आले. त्यांच्या मागोमाग अख्खा रस्ता आला.

"अण्णा, माझं शिमिट मेलंय म्हणलाव?"

"मी न्हाई म्हणालो. यंत्र म्हणालं."

"कुठलं यंत्र?"

नागनाथरावांनी तापाचा थर्मामीटर दाखवला. हणमंतप्पांनी तो पाहिला. मग त्यांची नजर बाजेवर गेली. अंबिकाची तर आधीच गेली होती.

"अगोबाई, माझा थर्मास!" तिनं झडप घालून तो उचलला, उघडला, उलटा केला. काहीच पडलं नाही. तिनं तळाला थापटी मारली. आतून दगडावर मारल्यासारखा आवाज आला. "ह्याच्यात शिमिट घातलाव? ऊन ठिवायचंय म्हणून नेलाव न्हवं?"

"शिमिटच ऊन ठिवायचं व्हतं," नागनाथराव पुटपुटले.

हणमंतप्पांचा आवाज फुटला. "म्हंजे माझ्याच थर्मासात, माझंच शिमिट घालून, माझीच इज्जत काढलाव तुमी?"

नागनाथराव आणखी मोठ्यानं बोलले. "मग गार का लागलं ते सांगा! लोकांची घरं हायेत त्याच्यावर, जल्मभराची कमाई हाय! शेजारी म्हणून इस्वास टाकलो!"

"शेजारी म्हणून पोतं फोडलो मी!"

अंकुशराव गर्दीत उभं राहून "तरी मी म्हणालो" असं म्हणत होते, पण ते नक्की काय म्हणाले होते हे कुणीच विचारलं नाही.  अंबिका आपल्या घरात गेली आणि इंदिराबाईंची एक वाटी घेऊन परत आली. कालच त्या वाटीतून शेंगाची चटणी आली होती. तिनं वाटी इंदिराबाईंच्या हातात दिली. रिकामी. या दोन घरांत वाटी रिकामी परत जायची पहिलीच वेळ होती. इंदिराबाईंनी ती पदरानं पुसली, जरी ती घासलेलीच होती, आणि नवऱ्याकडं असं पाहिलं की नागनाथराव खाली बसले.

रविवारी सकाळी लवकर प्रेरणा बसमधून उतरली, तेव्हा तिच्या एका खांद्याला कपड्यांची पिशवी होती आणि दोन्ही हातांत थर्मोकोलचे दोन सारखे डबे. स्टँडपासून घरापर्यंत येताना तिला चार माणसांनी चार प्रकारे हकीकत सांगितली होती. घरी पोचेस्तोवर ती स्वतःच तापली होती.

"बाबा! कायबी करू नका म्हणालते मी!"

"सत्य..."

"सत्य गेलं खड्ड्यात! आन खड्ड्यावरून आठवलं, पायावर पाणी कोण मारलंय?"

 दारात एव्हाना अंकुशराव होते, कुंपणापलीकडं हणमंतप्पा होते, ग्यानबा आणि राजूबाई होते.

"शुक्रवारपासून कुणी बादलीभर पाणी टाकलंय का त्याच्यावर? सगळ्या गावानं भिती चाचपल्या, ताप बघितला, आन पाया वाळायला सोडून दिलाव? अंकुशराव, तुमी तर बीदरपासून उदगीरपतोर घरं बांधलाव म्हणं!"

"मी रुसलो व्हतो," अंकुशराव म्हणाले.

"काँक्रीट रुसलं मग?"

तिनं स्वतः बादली उचलली. तेव्हा मात्र सगळे हलले. हणमंतप्पाच्या नळापासून खड्ड्यापर्यंत माणसांची रांग लागली. रागावलेले हणमंतप्पा बादली भरून रागावलेल्या अंकुशरावांकडं देत होते, अंकुशराव ती रागावलेल्या नागनाथरावांकडं देत होते. पाया भिजला. त्यावर ओली पोती पसरली गेली. 

मग प्रेरणा बाजेपाशी आली. तिनं दोन्ही थर्मास हातात घेतले, वजन केल्यासारखे वरखाली केले, बुचं पाहिली.

"दोन्ही थर्मास सारखे हायेत का, हे बघितलाव बाबा?"

"दोन्ही थर्मासच हायेत की."

"शुक्रवारी सांजच्याला कुणी हात लावला व्हता का ह्यांना, बाहेरून?"

नागनाथराव म्हणाले, कुणी नाही. इंदिराबाई चुलीपाशी होत्या, तिथूनच बोलल्या.

"म्या लावलता. थंडीत धई लागंना झालंय. तो लाल थर्मास सांजच्याला बाहीरून चांगला ऊन लागायलता, म्हणून धयाचं भांडं त्येला टेकवून ठिवलते. सकाळी वडीवाणी धई झालतं."

"आन आपला?"

"आपला गारच व्हता बाहीरून."

प्रेरणानं कपाळावर हात मारला, पण तिचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "आई, दोन दिवसांत ह्या गावात एकच खरी मोजणी झाली, ती तुझ्या दह्यानं केली."

ती काय म्हणाली हे कुणाला कळलं नाही आणि तिनं तेव्हा सांगितलंही नाही. सांगून कुणी ऐकणार नव्हतं, दाखवावंच लागणार होतं. तिनं हणमंतप्पांना दुकान उघडायला लावलं, त्याच फोडलेल्या पोत्यातलं सिमेंट घेतलं. अंकुशरावांच्या पोत्यातलंही घेतलं. दोन्ही सारख्याच मापानं, सारख्याच पाण्यात कालवली. दोन सारख्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोन सारखे थर्मोकोलचे डबे. ("पिशवी!" नागनाथराव स्वतःशीच म्हणाले. इंदिराबाईंनी ते ऐकलं.) प्रत्येक डब्यात एकेक बारीक तार सोडली आणि तारांची टोकं एका छोट्या पेटीला जोडली. पेटीवर दोन आकडे शेजारीशेजारी दिसू लागले.

सकाळभर ते आकडे ढिम्म होते. ग्यानबानं दोन्ही मेलेली असल्याचं जाहीर केलं. दुपारनंतर दोन्ही हळूहळू चढायला लागले. माणसं मतमोजणीला बसावीत तशी बसली. अंकुशरावांचा आकडा पुढं गेला की ते मिशीवर हात फिरवायचे. थोड्या वेळानं हणमंतप्पांचा गाठायचा, की ते खाकरायचे. उन्हं कलली तेव्हा दोन्ही आकडे साठ अंशांच्या पार गेले होते आणि त्यांच्यात एवढासाच फरक होता, की तो राजूबाईलाही भांडायला पुरेना.

"दोन्ही जिती हायेत," प्रेरणा म्हणाली. "दोन्ही चांगली हायेत. पहिल्या दिवशीबी चांगलीच व्हती."

"मग लाल थर्मासात गार का?" नागनाथरावांनी विचारलं. आवाजात थोडा राग शिल्लक होता. तो ठेवायला जागा मिळेना, म्हणून ते अस्वस्थ होते.

"कारण तो थर्मास ऊब धरतच न्हाई. सगळी बाहीर सोडतो. म्हणून बाहीरून ऊन लागला, आईचं दही लागलं, आन सकाळपतोर आतलं शिमिट गार पडलं. शिमिट खरं व्हतं. थर्मास खोटा हाय."

"आमचा थर्मास खोटा?" अंबिका उसळली. "पुण्याच्या जावयानं आणलाय!"

"पुण्यालाबी फसवणारे असतात, अक्का."

नागनाथराव उठले. आयुष्यात त्यांनी शेकडो लोकांना माफी मागायला लावलं होतं, त्यामुळं ती कशी मागतात हे त्यांना नीट ठाऊक होतं. फक्त स्वतः मागायचा सराव नव्हता. "हणमंतप्पा," ते म्हणाले, "चुकलो मी. अंकुशराव, तुमालाबी... व्हय. उद्या गावात फिरून सांगतो, ज्येला ज्येला सांगायचं त्येला."

हणमंतप्पा काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात त्यांच्या दारातून काठीचा आवाज आला आणि त्यांच्या आई सिद्धव्वा बाहेर आल्या. घरातल्या ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या कमरेत वाकलेल्या होत्या, पण आवाज ताठ होता.

"काय म्हणालीस बाळा? त्यो लाल थर्मास ऊन ठिवत न्हाई?"

"न्हाई अव्वा."

"एकदा आणखी म्हण. जोरात."

प्रेरणानं जोरात म्हटलं. सिद्धव्वांनी काठी टेकली आणि लेकाकडं वळल्या.

"दोन वर्सं झाली ह्यो थर्मास येऊन. सकाळी सून च्या भरून ठिवती आन दुकानात जाती. मी म्हणायलेव, हणमंता, च्या तण्णग हाय, च्या गार हाय. काय म्हणालास तू मला?"

हणमंतप्पा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले.

"म्हणालास, अव्वा, थर्मास भारीतला हाय, तुझी जीभच म्हातारी झाली. बीदरच्या डाक्टरकडं नेलास. त्येनं जीभ बाहीर काढाय लावली. मग गुलबर्ग्याला नेलास, तिथंबी काढाय लावली. जिभंच्या नसा सुकल्या म्हणाले. रोज गोळी चालू केलाव. कडू! ती गोळी खाऊन वरनं गार च्या प्यायलेव मी दोन वर्सं!"

"अन्याय हाय हा!" नागनाथराव ओरडले. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा राग योग्य जागी पडला होता आणि त्यांच्या तोंडावर तेज आलं. "अव्वा, कंपनीला लिहितो मी! सोडत न्हाई!"

"तू खाली बस रे," सिद्धव्वा म्हणाल्या. ते बसले.

अंबिकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अत्ती, आम्हाला काय ठाऊक..."

"तुला न्हाई बोलत मी. तू साखर बरोबर घालतीस."

हणमंतप्पांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण अव्वा, कालपासून तर तूच म्हणायलीस, च्या ऊन लागायलाय म्हणून. आम्ही दोघं किती खूश झालो. मला वाटलं, गोळी लागू पडली. डाक्टरला फोन करून आभार मानलो मी!"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. सिद्धव्वा हलल्या नाहीत.

"गोळी न्हाई लागू पडली, हणमंता. थर्मास घरातनं गेला. सून चुलीवरचा च्या गिलासात घालून देयाली दोन दिवस."

त्यांनी कमरेची गाठ सोडली, तिच्यातून गोळ्यांची पट्टी काढली आणि लेकाच्या हातावर ठेवली.

"ह्या आता तू खा," त्या म्हणाल्या. "जेवणानंतर."

आणि इंदिराबाईंनी चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं बघून, काठी टेकत त्या नागनाथरावांच्या बाजेवर जाऊन बसल्या.